नवरदेवाच्या हातातला घडीचा चाकू

चाकू मिटला नाही. लग्न लागलं, पंगती उठल्या, वरात नागपूरला परत आली, पाहुणे उरलेली बुंदी डब्यात घेऊन आपापल्या गावी गेले, आणि चाकू अजून उघडाच आहे.

हे वरचं मी सांगितलंच नाही असं धरा. चाकू उत्तम उघडतो, उत्तम मिटतो, लग्नाला अजून नऊ दिवस आहेत आणि कुठेही काहीही बिघडलेलं नाही.

लग्न माझ्या मावसभावाचं, पियूषदादाचं. पियूषदादा सक्करदऱ्यात राहतो, एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो आणि उरलेल्या वेळात घडीचे चाकू जमवतो. त्याच्याकडे चौदा आहेत. चौदा चाकू बाळगणाऱ्या माणसाबद्दल लोकांना जी शंका येते ती आधीच दूर करतो: आजवर या चाकूंनी त्याने फक्त संत्री सोलली आहेत. संत्रं सोलायला चाकू लागत नाही, हे त्याला नागपुरात जन्मूनही कोणी सांगितलेलं नाही.

त्याचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, ‘घडी विदर्भ’ नावाचा. अकरा सदस्य. त्यातला एक मी, मला न विचारता घेतलेला. तिथे चाकूच्या धारेवर कोणी बोलत नाही. धार सगळ्यांनाच असते. भांडण असतं ते लॉकवर, म्हणजे उघडलेलं पातं आपल्याच बोटांवर मिटू नये म्हणून आत जी कळ बसवलेली असते तिच्यावर. या कळीपायी दोन सदस्यांनी एकमेकांच्या घरची बारशी टाळली आहेत.

आता आमच्याकडची पद्धत. हळद लागली की नवरदेवाच्या हातात कट्यार देतात, टोकाला लिंबू खोचून. मग डोक्यावर अक्षता पडेपर्यंत ती हातातून सोडायची नाही. जेवताना डाव्या हातात, झोपताना उशाशी, आणि न्हाणीघरात कशी, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. ही कट्यार देण्याचा मान मामाचा.

पियूषदादाचे मामा तेच माझे मामा: शालिकराम मामाजी. नागपूरच्या सदर भागात त्यांचं कड्या-कोयंडे, बिजागऱ्या आणि कुलपांचं दुकान आहे. त्यांना मूलबाळ नाही. भाचे मात्र सहा. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो आणि मग तेवढ्याच हक्काने त्याला शिव्या देतो. मामाजी दोन्ही कामं मन लावून करतात. चार भाच्यांची लग्नं त्यांच्या एकाच जुन्या कट्यारीवर लागली. चौथा भाचा अंकुश. त्याच्या लग्नात अक्षता पडल्यावर कुणीतरी त्या कट्यारीने टरबूज कापलं, आणि ती कॅटररच्या कढयांबरोबर टेम्पोत बसून निघून गेली. आता नवी वस्तू घेणं भाग होतं, आणि पियूषदादा अशाच संधीची वाट पाहत होता.

“मामाजी, यावेळी घडीचा चाकू घेऊ ना,” तो म्हणाला. “झोपताना मिटवून ठेवता येते. सेफ्टी आहे.”

“नवरदेवाले कायची सेफ्टी पायजे गा?” मामाजी म्हणाले. “त्याचं तं आता सगळंच उघड्यावर आहे.”

“माझ्याजवळ आहे एक मस्त. रेव्हनहूक कंपनीचा.”

“तुह्याजवळ आहे मंजे? तुह्या हातात तुहीच वस्तू मी देऊ? मंग मी काय, नुसता पंगतीले येऊ?” मामाजींनी थोडा वेळ छताकडे पाहिलं. “घडीचा पायजे तं घडीचा. पण माझ्या दुकानातला. भीमधार.”

मामाजींच्या दुकानात गल्ल्यामागे एक पुठ्ठा टांगलेला आहे. त्याला कधीकाळी भीमधार कंपनीचे बारा चाकू अडकवलेले होते. आता अकरा आहेत, आणि तो बारावा मामाजींनी स्वतःच घेतला होता. पुठ्ठ्यावर ‘आजीवन हमी’ असं छापलेलं आहे. कोणाच्या जीवनाची ते उन्हाने उडालं आहे.

पियूषदादाचा चेहरा पडला. “मामाजी, भीमधारले बॅकलॉक आहे.”

“लॉक तं आहे ना?”

इथे थोडं यंत्रशास्त्र सांगावं लागेल. भीमधारचं लॉक पाठीवर असतं. मुठीच्या पाठीत एक पोलादी पट्टी. पातं उघडलं की पट्टीचा दात पात्याच्या बुडातल्या खाचेत कट्‌कन पडतो. मिटवायचं असेल तर पाठीवरची पट्टी दाबायची, दात उचलला जातो. रेव्हनहूकचं वेगळं. त्यात मुठीचीच एक बाजू चिरून आत वाकवलेली असते; पातं उघडलं की ती बाजू सरकून पात्याच्या बुडाशी जाऊन उभी राहते. मूठ जितकी आवळाल तितकं लॉक पक्कं. पियूषदादाच्या मते पहिलं आजोबांचं तंत्रज्ञान होतं आणि दुसरं मानवजातीचं भविष्य.

“अर्धी मूठ चिरली मंजे हातात राहिली अर्धीच मूठ,” मामाजी म्हणाले. “मी लोकायले असा कोयंडा दिला तं लोक वापस आणून डोक्यावर मारतील.”

“अन् तुमच्या चाकूची पाठ तळहातानं दाबल्या गेली तं? पातं सरळ बोटावर.”

“दाबू नको मंग.”

असं बोलून भागेना, तेव्हा तुलना करायचं ठरलं. रविवारी सकाळी, सक्करदऱ्याच्या घराच्या गच्चीवर. मे महिना होता आणि गच्ची तव्यासारखी तापली होती, त्यामुळे आम्ही तिघंही एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होतो. त्याने परीक्षेला एक गांभीर्य आलं. निरीक्षक म्हणून नवरी व्हिडिओ कॉलवर होती. गुंजन भिवापूरची, तिथल्याच शाळेत विज्ञान शिकवते.

“तुमच्या घरी माझं नाव कोणी घेऊन राहिलं का,” तिने विचारलं, “का नुसता चाकूच आहे?”

“झालं की घेतो,” पियूषदादा म्हणाला.

पहिली परीक्षा ठोक्यांची. चाकू उघडून त्याची पाठ कठड्यावर दहा वेळा आपटायची. दोन्ही लॉक टिकली. कठड्याचा गिलावा टिकला नाही.

दुसरी परीक्षा वजनाची. चाकूची मूठ टाकीच्या पाइपाला बांधायची, पात्याच्या टोकाला बादली लटकवायची आणि तिच्यात एकेक मग पाणी ओतायचं. रेव्हनहूकने अकरा मग सहन केले. भीमधारनेही अकरा. बारावा मग बादलीत मावत नव्हता, त्यामुळे विज्ञान तिथेच थांबलं.

तिसरी परीक्षा नाचाची. वरातीत नवरदेव चाकू हातात घेऊनच नाचणार, तेव्हा हे तपासायलाच हवं होतं. दोन्ही पात्यांच्या धारेवर चिकटपट्टी लावली, मी मोबाइलवर गाणं लावलं आणि पियूषदादा आधी रेव्हनहूक घेऊन नाचला. काही झालं नाही. मग भीमधार घेऊन नाचला. तिसऱ्या ठेक्याला त्याने हात वर फेकला, मूठ आवळली, तळहात पाठीवर दाबला गेला आणि पातं मिटलं. चिकटपट्टी होती म्हणून बोट वाचलं.

“पाहा,” पियूषदादा म्हणाला. त्याला फार आनंद झाला होता.

मामाजींनी चाकू हातात घेतला, उघडला, मिटवला, परत उघडला.

“मी एक विचारू का?” मोबाइलमधून गुंजन म्हणाली. “लिंबू कुठं आहे?”

“कायचं लिंबू?”

“चाकूले लिंबू लावणार ना तुम्ही? मंग टेस्ट लिंबू लावून कराले पायजे. मी पोरायले हेच शिकवते.”

“लिंबाचं वजन पन्नास ग्रॅम,” पियूषदादा म्हणाला. “इथं अकरा मग पाणी झेललं त्यानं. लिंबू हा विषयच नाही.”

गुंजनने वहीत काहीतरी लिहून घेतल्याचं दिसलं.

इतक्यात प्रेमिलामावशी, म्हणजे पियूषदादाची आई, कुरड्या वाळू घालायला गच्चीवर आली. तिने आधी गिलाव्याकडे पाहिलं, मग रेव्हनहूककडे.

“हे काय गा, काळं?”

“कोटिंग आहे आई. पात्याले गंज चढत नाही, पाणी आत जात नाही.”

“काळं हळदीत चालत नाही.”

“अवं आई, टायटेनियमची मूठ आहे.”

“मूठ ठेव मंग. पातं काढून टाक.”

विषय संपला. मावशीने कुरड्या मांडायला घेतल्या. पियूषदादाने रात्रीपर्यंत न थांबता तिथेच, पाय भाजत, ग्रुपवर निकालाचा तक्ता टाकला. त्यात रेव्हनहूकसमोर ‘अपात्र’ असं होतं आणि कारणाच्या रकान्यात ‘आई’.

म्हणजे जो चाकू नाचताना मिटला तोच नवरदेवाच्या हातात जाणार होता. मामाजी जिंकले होते, पण जिंकलेल्या माणसासारखे दिसत नव्हते.

“ऐक भाच्या,” ते म्हणाले. “अक्षता पडाच्या आधी हा जर मिटला, तं मी मांडवात तुह्या मागं उभा राहणार नाही. तीस वर्षं झाले, लोकाईच्या दरवाज्याले कुलपं देऊन राहिलो. भाच्याच्या हातात दिलेलं कुलूपच टिकलं नाही तं कोणत्या तोंडानं उभा राहू?”

“मामाजी, एवढं काय त्यात.”

“एवढंच असते माझं लग्नात,” मामाजी म्हणाले आणि खाली उतरले. वर्षभर बिजागऱ्या विकणाऱ्या माणसाला कट्यार द्यायची आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत मागे उभं राहायचं, एवढीच कामं येतात, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. पाय भाजत होते म्हणून मी त्यावर जास्त विचार केला नाही.

जिन्यात मावशीने मला थांबवलं. “साहिल, तो चाकू मिटला नाही पायजे बाप्पा. तुले माहीत आहे तुह्या मामाचं. अंकुशच्या साखरपुड्यात मागच्या लाइनीत खुर्ची भेटली, तं अजून त्याच्या घरचा चहा घेत नाही.”

“मी काय करू त्यात मावशी?”

“तू पियूषच्या बाजूनं राहा. लिंबू सांभाळ.”

अशा रीतीने मी लिंबाचा प्रमुख झालो.

हळदीच्या दिवशी मामाजी नवा पांढरा सदरा घालून आले. पियूषदादाच्या पाया पडले, चाकू कट्‌कन उघडला, टोकाला लिंबू खोचलं आणि त्याच्या हातात दिला. मग बायकांनी हळद लावायला घेतली. आमच्या घरच्या बायका हळद लावतात तेव्हा भिंतीला गिलावा करत असल्यासारखी लावतात. नवरदेवाला लावली, मला लावली, फोटोग्राफरला लावली. एका आत्याने चाकूलाही लावली. दीड दिवस नवरदेवासोबत राहणार, तर त्याचाही हक्क आहे, असं तिचं म्हणणं पडलं. तिने पाठीवरच्या पट्टीत बोट घालून नीट भरली.

लिंबू मऊ पडलं की बदलायचं, असं मला सांगितलं होतं. ते किती वेळाने मऊ पडतं हे सांगितलं नव्हतं. मी दर दीड तासाने बदललं, रात्रीही उठून. मी हयगय करणारा माणूस नाही. प्रत्येक नवं लिंबू टोकावर दाबलं की रसाची एक धार पात्यावरून खाली उतरायची आणि मुठीत, जिथे पातं फिरतं तिथे, दिसेनाशी व्हायची. मला ते बरं वाटायचं. रस कुठे सांडत नव्हता.

पियूषदादा नाचला नाही. चाकू दोन बोटांनी उदबत्तीसारखा धरून तो आपल्याच हळदीत खांबासारखा उभा राहिला. झोपतानाही त्याने चाकू मिटवला नाही. मामाजींचा शब्द होता. उशाशी ताटात उघडा ठेवून, त्याच्याकडे तोंड करून झोपला. झोपताना मिटवता यावा, एवढ्या एकाच कारणासाठी घडीचा चाकू घेतला होता, हे घरात कोणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही भिवापूरला निघालो. पुढे कारमध्ये पियूषदादा, मी आणि चौदावं लिंबू. मागे बसमध्ये मामाजी आणि बाकी वरात. उमरेडच्या अलीकडे नाकाबंदी होती. एका महिला पोलिसांनी काच खाली करायला लावली. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं, पुष्पलता.

“हातात काय आहे?”

“चाकू,” पियूषदादा म्हणाला.

“ते दिसून राहिलं. काहून आहे?”

“लग्न आहे मॅडम.”

“कोणाचं?”

मुंडावळ्या बांधलेल्या माणसाला हा प्रश्न विचारताना त्या जराही हसल्या नाहीत.

“माझं.”

“घडीचा दिसते. मिटवा अन् बाजूले ठेवा. अक्षता पडाच्या वेळेस उघडा.”

पियूषदादाने मागे पाहिलं. बस अजून आली नव्हती. त्याने पट्टी दाबली. पातं हललं नाही. दोन्ही अंगठ्यांनी दाबली. मग माझ्याकडे पाहिलं.

“मॅडम, हा मिटत नाही.”

“घडीचा आहे ना?”

“हाव.”

“मंग?”

“घडीचाच आहे,” पियूषदादा म्हणाला, आणि त्याच्या आवाजात मी प्रथमच एक प्रकारची पोकळी ऐकली.

पुष्पलता मॅडमनी स्वतः दाबून पाहिलं. नाही. त्यांनी चाकू परत दिला, तिरपं झालेलं लिंबू सरळ केलं आणि म्हणाल्या, “जा. पण लिंबू काढू नका. लिंबानं जरा बरं दिसते.”

गाडी निघाल्यावर पियूषदादाने चाकू नाकाशी नेला. मग उन्हात धरून पट्टीच्या फटीत पाहिलं. “हळद,” तो म्हणाला. “हळद, तेल, लिंबाचा रस, अन् त्यात पोलादाले चढलेला गंज. सिमेंट झालं साहिल. आतापर्यंत किती लिंबं लागली?”

“चौदा.”

आम्ही तीन परीक्षा घेतल्या होत्या, तिन्ही लॉक सुटतं का हे पाहायला. ते कधी सुटणारच नाही अशी शंका भिवापूरच्या एका विज्ञान शिक्षिकेशिवाय कोणाला आली नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या लिंबाचा रस कट्यारीवरून खाली उतरतच असणार; कट्यारीत आत जायला जागा नव्हती, म्हणून कोणाला कळलं नाही.

“आता काय करायचं?” मी विचारलं.

“मोकळा होते ना. पट्टी दाबून धराची अन् पात्याच्या पाठीवर एक ठोका द्याचा. दोन थेंब तेल टाकलं की नव्यासारखा.”

“मग दे ना ठोका.”

“काहून? मिटू नये हेच तं पायजे होतं.” पण त्याला चैन पडेना. तो अभ्यासू माणूस आहे. “तरी साहिल, हे लॉक फेलच आहे. मिटत नाही मंजे फेल. खोटं नाही लिहिता येत.” आणि त्याने डाव्या हाताने ग्रुपवर टाकलं: भीमधार, बॅकलॉक, निकामी.

भिवापूरला मांडवात शिरताच अर्धी वरात शिंकायला लागली. नवरीचे वडील गोपाळराव मिरचीचे व्यापारी. मांडव त्यांच्या गोदामाच्या अंगणात होता. गोपाळरावांना व्यवसायातून एक सवय लागलेली. कोणतीही वस्तू हातात आली की ती वाकवायची, मोडायची, आतलं बी पाहायचं आणि मगच पुढे जायचं. पियूषदादाला पाहायला आले तेव्हा त्यांनी त्याचं मनगटही थोडं वाकवून पाहिलं होतं.

त्यांनी पियूषदादाचे पाय धुतले, गंध लावलं, आणि नजर हातावर गेली.

“हे कट्यार आहे?”

“हाव,” मामाजी म्हणाले. ते फेटा बांधून पियूषदादाच्या मागे, ठरलेल्या जागी उभे होते, मुहूर्ताला अर्धा तास असताना.

गोपाळरावांनी चाकू पियूषदादाच्या हातातच धरून जवळून पाहिला. “इथं खिळा काहून आहे?” त्यांनी पात्याच्या बुडावर बोट ठेवलं. “हे मिटते.”

कोणी शिंकलं.

“मिटणारी वस्तू हातात घेऊन आमच्या पोरीसमोर उभं राहाचं?” गोपाळराव म्हणाले. रागावले नव्हते; माल परत करताना बोलतात तसं बोलत होते. “असं नाही चालत आमच्या मांडवात. आमच्या रुख्मिणीच्या, मंजे गुंजनच्या आईच्या, माहेरची कट्यार आहे घरात. ते घ्या हातात. हे ठेवून द्या पिशवीत.”

मामाजींनी पियूषदादाच्या खांद्यावरचा हात काढला. एक पाऊल मागे सरकले. मग अजून अर्धं. प्रेमिलामावशीने बायकांमधून माझ्याकडे पाहिलं. मी लिंबाकडे पाहिलं. माझ्या अखत्यारीत तेवढंच होतं.

“मिटत नाही हे,” पियूषदादा म्हणाला.

“घडीचं आहे अन् मिटत नाही?”

“तुम्हीच पाहा.”

गोपाळरावांनी पट्टी दाबली. मिरची मोडणारी बोटं ती, पण पट्टी हलली नाही. “धोंडबा,” त्यांनी हाक मारली. धोंडबा त्यांच्या गोदामातला हमाल. मिरचीचं पोतं तो उशीसारखं काखेत घेतो. त्याने अंगठा पट्टीवर ठेवला आणि डोळे मिटले. ‘कट्’ असा आवाज झाला. मामाजींनी मान खाली घातली.

“अंगठा वाजला माझा,” धोंडबा म्हणाला. “चाकू जसाच्या तसा आहे.”

“आता तुम्ही मिटवा,” गोपाळराव पियूषदादाला म्हणाले. “तुमची वस्तू आहे, तुम्हाले माहीत राहीन.”

पियूषदादाला माहीत होतंच. बाजूलाच पाट होता. पट्टी दाबून पाटावर एक ठोका दिला असता तर चाकू मिटला असता, आणि ‘घडी विदर्भ’मध्ये जाणकार म्हणून त्याचं नाव राहिलं असतं. त्याने दोन्ही अंगठे टेकवले आणि जोर लावला. मुंडावळ्या थरथरल्या. कपाळावर घाम आला. तोंडातून ‘हं’ निघालं. मी अगदी लागून उभा होतो म्हणून मला दिसलं: त्याचे अंगठे पट्टीवर नव्हते. बोटभर वर, मुठीच्या नुसत्या लाकडावर होते. चुकीच्या जागी दाबतो म्हणून तीन वर्षं माझा अपमान करणारा माणूस तो.

“नाही होत,” तो धापा टाकत म्हणाला.

गोपाळरावांनी विचार केला. “नाही मिटत तं कट्यारच आहे,” ते म्हणाले. मग मामाजींकडे वळले. “पण मंग घडीचं काहून बनवलं?”

“दुकानात ठेवाले जागा कमी लागते,” मामाजी म्हणाले, आणि दीड पाऊल पुढे येऊन त्यांनी पियूषदादाच्या खांद्यावर हात ठेवला.

अंतरपाट धरला गेला. मंगलाष्टकं सुरू झाली, आणि पलीकडून गुंजनचा आवाज आला, हळू.

“लिंबू लावून टेस्ट केली नव्हती ना?”

“नाही,” पियूषदादा म्हणाला.

“ठोका दिला तं मिटते ना ते?”

“हाव.”

“देऊ नका मंग.”

अक्षता पडल्या. मामाजी शेवटपर्यंत मागे उभे होते. नंतर पंगतीत त्यांनी अंकुशला हाक मारून त्याच्याकडून पाण्याचा ग्लास घेतला. चहा नव्हे, पण पाणी.

इथे गोष्ट संपली असती. पण ‘घडी विदर्भ’मधल्या एका कर्तव्यदक्ष सदस्याने पियूषदादाचं परीक्षण थेट कंपनीला पाठवलं, आणि गेल्या आठवड्यात सदरच्या दुकानात कंपनीचं पत्र आलं. लॉक निकामी झाल्याबद्दल खेद आहे, आजीवन हमीप्रमाणे जुना चाकू जमा करून नवा, व्यवस्थित मिटणारा चाकू मिळेल, माणूस घ्यायला येईल. मामाजींनी दोन दिवस दुकान उघडलं नाही. चाकू त्यांच्या घरी देव्हाऱ्याशेजारी आहे, टोकाला बूच लावलेला, आणि सहा भाच्यांपैकी बिनलग्नाचा मी एकटाच उरलो असल्याने उत्तर लिहायची जबाबदारी माझ्यावर आली. ते असं पाठवलं आहे:

प्रति,
मा. व्यवस्थापक,
आजीवन हमी विभाग, भीमधार चाकू.

विषय: चाकू मिटत नसल्याबद्दल तक्रार नसल्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, आपल्या कंपनीच्या चाकूचे लॉक हळदीच्या दिवसापासून आजतागायत सुटलेले नाही. यास आपल्या पत्रात ‘बिघाड’ असे संबोधले आहे. ते कुटुंबास मान्य नाही. तरी सदर चाकूचे नाव आपल्या दप्तरातील ‘घडीचे चाकू’ या वर्गातून वगळून ‘कट्यारी’ या वर्गात हळदीच्या तारखेपासून पूर्वलक्षी प्रभावाने दाखल करावे. असा वर्ग अस्तित्वात नसल्यास तो निर्माण करावा. आजीवन हमीतील ‘जीवन’ हे श्री. शालिकराम मामाजी यांचे धरावे, व त्या मुदतीत चाकू मिटल्यास तो नियमबाह्य समजून आपला एक अभियंता चौदा लिंबांसह तातडीने रवाना करावा. आणि चाकू कधीही मिटणार नसल्याचे प्रमाणपत्र, तो मिटवून पाहण्याचा कोणताही प्रयत्न न करता, खाली सही करणाऱ्याचे लग्न ठरण्यापूर्वी तीन प्रतींत निर्गमित करावे, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
साहिल
(भाचा क्र. ६)